शिंगटीचा कौल

महाराजांनी घंगाळातून शिंगटी उचलली, माईकसमोर धरली आणि मासा बोलला. कर्र, कर्र. नदीकाठच्या बंद गिरणीच्या शेडमध्ये दाटीवाटीनं बसलेल्या माणसांनी हात जोडले. बोटभर लांबीचा हा मिशाळ मासा फक्त याच नदीच्या खोऱ्यात सापडतो, एवढं महाराज खरं सांगत. पुढचं सगळं पदरचं. म्हणे ही नदीची जीभ. बोलली तर रोग गेला, गप्प राहिली तर तुमची श्रद्धा कच्ची.

मागे उभ्या असलेल्या शास्त्राच्या बाईंचं डोकं भणभणत होतं. त्यांची भाची दवाखान्यात बेशुद्ध होती. पोरीला इन्सुलिन कायम लागणार, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण शिंगटी बोलली म्हणून बाईंच्या भावानं लेकीची इंजेक्शनं बंद केली. विचारलं तर मान खाली घालून म्हणाला, "ताई, मी माझ्या कानांनी ऐकलं गं."

त्याला ओढतच त्या इथे घेऊन आल्या होत्या. महाराजांची बोटं त्यांनी बराच वेळ निरखली आणि थेट मंच गाठला. चेले आडवे आले, तेव्हा त्यांनी विचारलं, नदीची जीभ मला घाबरते का? लोकांनीच वाट करून दिली.

बाईंनी एक मासा अलगद उचलला. कर्र.

"रोग गेला," त्या माईकवर म्हणाल्या. मग कल्ल्यांमागचे दोन्ही काटे चिमटीत अंगाशी दाबून धरले. मासा चूप. "आला परत." चिमूट सैल केली. कर्र, कर्र.

बाईंच्या अंगात नदी शिरली आहे, असं महाराज घाईघाईनं सांगू लागले. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

"भेदरला की हा काटे हलवतो. काट्याचं बूड खांद्याच्या हाडावर घासतं, त्याचा हा आवाज. काय बोलायचं ते यांची चिमूट ठरवते."

भाऊ पुढे आला. त्यानं मासा हातात घेतला, काटे दाबले, सोडले, पुन्हा दाबले. मग मासा पाण्यात सोडून तो दवाखान्याकडे निघाला.

भाची वाचली, डॉक्टरांनी वेळेवर सलाइन आणि इन्सुलिन दिलं म्हणून. शेडमागच्या खड्ड्यात मेलेल्या शिंगट्यांचा खच सापडला. दुसऱ्या कुठल्याच नदीत नसलेला जीव, असा नासला.

बाई आता भेटेल त्याला संतापून सांगतात: तुमचं औषध बंद करायला सांगणाऱ्याच्या पाया पडू नका. आधी त्याचे हात बघा.