पिकअपने ऐकलेला शब्द

मी एक जुना पिकअप ट्रक आहे.

थांबा. ‘एक’ म्हणणं बरोबर नाही, मित्रांनो. माझी केबिन लष्कराच्या लिलावातली. इंजिन मोडीत निघालेल्या एका मोटारीचं. मागची चाकं तिसऱ्याच गाडीची. ब्रेक तेवढे माझे स्वतःचे, जन्मापासूनचे. माझी गोष्ट त्यांच्यापाशी आली की मी अडखळतो. अडखळत सांगतो.

माझा जन्म कुठल्या देशातला, मला आठवत नाही. मला आठवतं ते सोलापूरच. चनबसप्पा नावाच्या व्यापाऱ्यांनी मला लिलावातून आणलं. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून चादरींचे, टॉवेलांचे गठ्ठे भरायचे आणि संध्याकाळच्या गाडीआधी स्टेशनवर पोचवायचे, एवढंच माझं काम. खंडेनवमीला त्यांच्या पत्नी मल्लव्वा माझ्या बॉनेटवर विभूती लावत. मला बरं वाटे.

करीम माझा ड्रायव्हर. तो केम गावचा. तिकडे तो बैलगाडी हाकायचा, मग गाड्या दुरुस्त करणाऱ्या हाशम मिस्त्रीच्या ओळखीने सोलापुरात आला. माझ्या प्रत्येक आवाजाचा अर्थ त्याला कळे. चनबसप्पा त्याच्या शेजारी बसत आणि त्याच्याशी मराठीत बोलत. कन्नड त्यांच्या घरात. आणि भीती वाटली की. एकदा केबिनमध्ये विंचू निघाला, तेव्हा त्या विंचवाशीही ते कन्नडच बोलले. करीम आठवडाभर हसत होता. त्यातलं त्याला एक अक्षर कळलं नव्हतं.

१९७५.

रस्त्यावर नव्या डिझेल गाड्या आल्या. आमच्यासारखाच कारखान्यांचा माल वाहणाऱ्या ईरप्पांनीही एक घेतली. ते माझ्याकडे बघून म्हणायचे, “आप्पा, तुमची गाडी टेसनाकडं निगाली की आमी जेवून घेतो, मग निगतो.” सगळे हसत. करीम हसत नसे. दोनदा आमचे गठ्ठे फलाटावर राहिले होते. शेवटी कारखानदारांनी ठरवलं, की येत्या रविवारी सरळ रस्त्यावर दोन्ही गाड्या पळवायच्या. मैलाच्या दगडापासून कडुनिंबापर्यंत. जी आधी पोचेल, तिला स्टेशनचा माल.

माल गेला तर मी भंगारात जाणार आणि करीम केमला, दुसऱ्याच्या बैलांमागे. त्याच्या बायकोने, रशीदाने, त्याच वर्षी मुलीला इथल्या शाळेत घातलं होतं.

मग हाशम मिस्त्रीने मला खोललं.

काढलं: थकलेलं इंजिन. दोन्ही बाजूंचे फाळके. जादा चाक. सायलेन्सर. मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांतले तीन पाटे.

बसवलं: सहा सिलिंडरचं इंजिन, हेड घासून. मोठा कार्बोरेटर. मागच्या आसातलं दातेरी चाक, म्हणजे क्राऊन, दुसरा, वेगाचा. मागची चाकं घसरू नयेत म्हणून वाळूची दोन पोती.

राहिलं: ब्रेक.

हाशम म्हणाला की ब्रेकचं सामान पुण्याहून यायला आठ दिवस लागतील, रविवार पुढे ढकला. चनबसप्पा म्हणाले, ईरप्पा म्हणेल घाबरलो. शेवटी हाशमने आहे तेच ब्रेक आवळून दिले. “आप्पा, झाडाच्या लई आदी पाय काढायला लावा ह्याला. पुडं रेल्वेचं फाटक हाय.”

हे मी ऐकलं. तरी त्या रविवारी सकाळी इंजिन सुरू झालं आणि मी ते विसरलो. मला पळायला आवडलं, मित्रांनो. सांगायला लाज वाटते, पण खूप आवडलं. एवढी वर्षं मी ओझं ओढत होतो, त्या दिवशी वारा माझ्या मागे राहिला. दुसरा गियर. तिसरा. ईरप्पांची गाडी आधी शेजारी होती, मग आरशात. कडुनिंब आला आणि गेला. आम्ही जिंकलो होतो. करीमने हसत शेजारी पाहिलं.

समोर फाटक खाली येत होतं.

चनबसप्पा ओरडले, “हाक! हाक!”

करीमने पाय दाबला.

अ‍ॅक्सिलरेटरवर.

फाटक अर्ध्यावर आल्यावर त्याने ब्रेक दाबला. मी जीव तोडून धरलं. माझ्या त्या जुन्या ब्रेकांनी जेवढं धरवलं तेवढं धरलं. चाकं घासत गेली. करीमने मला रस्त्याखाली खडीच्या ढिगात घातलं. त्याच्या बाजूचा पत्रा आत आला. चनबसप्पांचा हात मोडला. करीमचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. ज्या पायाने गाडी पळवायची आणि थांबवायचीही, तो पाय.

पंचनामा झाला, मराठीत. चनबसप्पांनी सांगितलं, मी ब्रेक लाव म्हणालो, यानं ऐकलं नाही. करीमने सांगितलं, मालकांनीच पळव म्हटलं. दोघांनी अर्थ सांगितला. शब्द कोणीच सांगितला नाही. आणि दोघांनाही कायमचं वाटलं, की समोरचा खोटं बोलतोय.

खोटं कोणीच बोलत नव्हतं. मला माहीत होतं. मला तोंड नव्हतं.

शर्यत जिंकली, पण गाडीच मोडली; स्टेशनचा माल आम्हाला मिळाला नाही. करीम, रशीदा आणि मुलगी केमला गेली. मी हाशमच्या वर्कशॉपच्या भिंतीला लागून उभा राहिलो. गंज आधी दारांना लागला.

दोन वर्षं.

मग एका दुपारी मल्लव्वा आणि त्यांची मुलगी महादेवी आल्या. केबिनमध्ये चनबसप्पांनी लावलेली बसवेश्वरांची तसबीर त्यांना न्यायची होती. मल्लव्वा उतरल्या आणि दाराकडे बोट दाखवून मुलीला म्हणाल्या, “बागला हाक.”

हाशम शेजारी पाना घेऊन बसला होता. तो चेष्टेने म्हणाला, “दार कसं हाकायचं, अव्वा? त्याला बैलं कुटं हायत?”

“आमच्यात हाक म्हंजे लाव की. दार लाव.”

हाशम हसणार होता. हसला नाही. दवाखान्यात तापाच्या भरात करीम ‘हाक म्हनले, हाक म्हनले’ असं बडबडत होता, ते त्याने ऐकलं होतं.

“आनी ब्रेक, अव्वा? ब्रेक लाव कसं म्हनता?”

“ब्रेक हाक,” मल्लव्वा म्हणाल्या. आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघत त्या तिथेच माझ्या पायरीवर बसल्या.

दुसऱ्या दिवशी चनबसप्पा आणि हाशम रेल्वेने केमला गेले. पुढचं मी हाशमकडून ऐकलं. करीम ओट्यावर बसून दोर वळत होता. चनबसप्पांनी सगळं सांगितलं, कन्नड शब्द, मराठी शब्द, आपली भीती. करीमने दोर खाली ठेवला.

“शबुद चुकला, आप्पा. समजलं. चुकतो.” मग म्हणाला, “पन दोन वर्सांत एकदा येऊन इचारायचं की. करीम, तुला ऐकू काय आलं?”

रशीदाने चहा आणून ठेवला. परतीच्या गाडीची वेळ होईपर्यंत तिघेही बसून होते. निघताना चनबसप्पा म्हणाले, पुन्हा येतो. करीम ‘या’ म्हणाला नाही, ‘येऊ नका’ असंही म्हणाला नाही.

मित्रांनो, उद्या मला कापायला माणसं येणार आहेत, म्हणून आज बोललो. तुम्ही मोठे व्हाल, यंत्रं हाताळाल. एखाद्याला वेग द्याल, तेव्हा त्याला थांबण्याची ताकद आधी द्या. त्यासाठी आठ दिवस लागले तर लागू द्या, हसणारे हसू द्या. आणि तुमच्या बोलण्याने कोणाला लागलं, तर मी असं म्हणालोच नव्हतो, हे जगभर सांगत बसू नका. त्याच्या घरी जा. त्याला काय ऐकू आलं ते विचारा.

दुसऱ्याच दिवशी जा.