चढाची सायकल, उताराची सायकल

"माणसाची खरी परीक्षा चढताना होत नाही, उतरताना होते. चढायला नुसती जिद्द लागते. उतरायला अख्खं चारित्र्य लागतं!"

बद्रीनाथ देवढे हे वाक्य माळ्यावरून बोलले. पापडाचा डबा काढायला ते वर चढले होते. डबा केव्हाच खाली आला होता. बद्रीनाथ अजून यायचे होते.

"चारित्र्य राहू द्या. डावा पाय आधी स्टुलावर ठेवा," खालून रत्नमालाबाई म्हणाल्या.

उताराची ही धास्ती बद्रीनाथांना लहानपणापासूनची. आपल्याशिवाय ती कुणालाच ठाऊक नाही, असा त्यांचा समज होता. घरातच काय, ती दूधवाल्यालाही ठाऊक होती.

एरवी मुकुंदवाडीच्या सपाट गल्लीत या धास्तीनं काही अडत नव्हतं. पण त्यांची मुलगी अपेक्षा दर रविवारी पाच-सहा मित्रमैत्रिणींबरोबर शहराला लागूनच असलेल्या साताऱ्याच्या डोंगरात सायकल घेऊन जायची, आणि एकदा जेवताना ती म्हणून गेली, "पप्पा, तुम्ही पण चला ना कधी." रस्त्यात भेटलेल्या माणसाला आपण 'या एकदा घरी' म्हणतो, त्यातलाच प्रकार. त्या 'या' वर विसंबून कुणी खरंच आलं तर घरात साखर नसते. पण बद्रीनाथांना निवृत्त होऊन वर्ष झालं होतं, आणि त्या वर्षात लग्न आणि दहावा सोडून त्यांना कुणी कुठं बोलावलं नव्हतं. ते लगेच म्हणाले, "येतो."

अपेक्षानं घास गिळला. "या. पण आमचा एक नियम हाय. वर जायचं तसं खाली पण बसूनच यायचं. जो सायकल हातात धरून उतरतो, त्याला आम्ही परत बोलवत नाही."

"का बरं?"

"सगळे खाली त्याची वाट बघत बसतात, पप्पा. नाश्ता राहतो."

म्हणजे एकच रविवार हातात होता, आणि तो साधला तरच पुढचे होते.

आता सायकल निवडायची. इथं दुसरी अडचण आली. बद्रीनाथांचं आयुष्य चिकलठाण्याच्या कारखान्यात तयार माल तपासण्यात, म्हणजे मुख्यतः नापास करण्यात गेलं होतं. निवडण्याची सवयच राहिली नव्हती. गावातल्या चार दुकानांतल्या झाडून सगळ्या सायकली त्यांनी नापास केल्या. एकीचं वेल्डिंग खडबडीत, एकीचा रंग दोन ठिकाणी दोन छटांचा. एका सायकलीत काहीच खोट सापडेना, तेव्हा ती संशयास्पद म्हणून सोडली. शिवाय चढाला चालेल आणि उतारालाही चालेल अशी एकच सायकल हवी होती, आणि ती रत्नमालाबाईंनी सांगितलेल्या आकड्यात बसायला हवी होती. रत्नमालाबाईंचा आकडा म्हणजे भिंत. तिला टेकता येतं, ढकलता येत नाही.

शेवटी सोयगावहून सांडूला बोलावणं गेलं. सांडू हा बद्रीनाथांचा चुलतभाऊ. देवढ्यांच्या घरात पाय असलेली किंवा चाक असलेली कुठलीही गोष्ट सांडूनं पारखल्याशिवाय येत नसे. बैल, म्हशी, दोन मोटारसायकली आणि एक जावई त्यानं पसंत केला होता. जावई सोडला तर बाकी सगळं नीट चाललं होतं.

दुकान नवीनच होतं. चालवणाऱ्या पोराचं नाव शिवम. आकड्यात बसणाऱ्या दोन सायकली त्यानं बाहेर काढून ठेवल्या. एक धिप्पाड, लालभडक, पुढं स्प्रिंग आणि मध्येही स्प्रिंग. दुसरी सडपातळ, राखाडी, स्प्रिंग फक्त पुढं.

सांडूनं टोपी सरळ केली आणि दोन्हींभोवती एक चक्कर मारली. मग लाल सायकलीच्या सीटवर दोन्ही हातांनी दाब दिला. सायकल खाली बसली आणि वर आली.

"बद्रीदादा, बघ. पाठ कशी मऊ हाय! धक्का लागनार नाय तुला. ह्येच घ्यायचं जनावर."

"सांडूकाका, ती बैल नाही," अपेक्षा म्हणाली.

"बैल बरा. त्याला स्टँड तरी लागत नाय."

शिवम हसला नाही. गिऱ्हाईक घालवायचं नव्हतं त्याला. "काका, ह्या भावात दोन स्प्रिंगा बसवायच्या म्हणजे कंपनी बाकी सगळ्या मालात हात आखडते. ही जड हाय. चढावर पायडल मारलं की अर्धा जोर स्प्रिंगच खाते. राखाडी हलकी हाय. तिला तेलाचे डिस्क ब्रेक हायेत, दोन बोटांत थांबते. आणि मागची चक्री बघा, केवढी मोठी. जेवढे जास्त दात तेवढा चढ हलका."

दात म्हटल्यावर सांडू गुडघ्यावर बसला. त्यानं मागच्या चक्रीचे दात एकेक करून तपासले आणि समाधानानं मान हलवली. "तोंड भरलेलं हाय. पन पाठ कडक हाय."

"पाठ माझीपण कडकच आहे," बद्रीनाथ म्हणाले. "चालवून बघू. चढावरही आणि उतारावरही."

साताऱ्याचा डोंगर दुकानापासून लांब. जवळपासचा चढ म्हणावा असा एकच होता: शेजारच्या इमारतीतल्या तळघर-पार्किंगचा रॅम्प. तिथला वॉचमन आधी नाही म्हणाला, पण सांडूनं तंबाखूची डबी पुढं केल्यावर तो स्वतःच गाड्या थांबवायला उभा राहिला.

लाल सायकलीवर बसून बद्रीनाथ तळातून निघाले. प्रत्येक पायडलला ते उंटावर बसल्यासारखे खालीवर होत होते. अर्ध्या रॅम्पवर उंट थांबला.

"लई झुलतंय ओ," वॉचमननं मत दिलं. मत त्याला कुणी विचारलं नव्हतं, पण सगळ्यांनी ते विचारात घेतलं.

राखाडी सायकल सर्वांत हलक्या गिअरवर वर आली. अगदी सावकाश, मुंगी साखर नेते तशी, पण वर आली. मग बद्रीनाथांनी ती वळवली. समोर उतार. डोळे मिटावेत असं त्यांना वाटलं, पण वॉचमन बघत होता. दोन बोटं ब्रेकवर टेकली, सायकल सोडली, बोटं दाबली. सायकल जागच्या जागी शहाण्यासारखी उभी राहिली. पुन्हा सोडली, पुन्हा उभी. असं करत करत बद्रीनाथ तळाला पोचले, आणि तिथल्या अंधारातून त्यांचा आवाज आला, "पास!"

हा शब्द त्यांनी किती वर्षांनी उच्चारला होता, ते त्यांचे कारखान्यातले लोकच सांगू शकले असते.

सांडूनं नाराजी दाखवली नाही. पारख करणाऱ्यानं शेवटी मालकाला पसंत पडलेलंच आपणही पसंत केलं होतं असं सांगायचं असतं. त्यानं तसं सांगितलं आणि संध्याकाळच्या गाडीनं सोयगावला गेला.

सायकल घरी आली तशी रत्नमालाबाईंनी ताट आणलं. पूजा झाल्याशिवाय चाक फिरत नाही. नारळ फुटला, चाकाखाली लिंबू चिरडलं, हँडलला हार चढला. राहिलं स्वस्तिक. स्कूटरला ते पुढच्या पत्र्यावर काढता येतं, पण या सायकलीला नळ्याच नळ्या. सपाट जागा कुठं दिसेना. मग पुढच्या चाकाच्या मध्यापाशी एक चकचकीत चकती त्यांच्या नजरेस आली. तुपात कालवलेल्या कुंकवानं त्यांनी तिच्यावर छोटंसं, सुबक स्वस्तिक काढलं. चकतीला भोकं होती, तरी जमवलं. बद्रीनाथांनी हात जोडले.

रविवारी सकाळी साताऱ्याच्या डोंगरात हवा गार होती. बद्रीनाथ सगळ्यांच्या मागं, हलक्या गिअरवर, वाटेत कुठंही पाय न टेकता वर पोचले. पोरांनी टाळ्या वाजवल्या. खाली अर्धं शहर कोवळ्या उन्हात पसरलं होतं. बद्रीनाथांनी त्याकडे पाहिलं नाही. ते वाट पाहत होते, आणि ती खाली जात होती.

पोरं एकेक करून उतरली. अपेक्षा मागं थांबली. बद्रीनाथांनी सायकल सोडली, ब्रेक दाबले, आणि डोंगरात एक किंकाळी उठली.

मागचा ब्रेक लागला. पुढचा नुसताच ओरडला.

"पप्पा, थांबा!" अपेक्षा धावत आली. तिनं वाकून पुढच्या चकतीवरून बोट फिरवलं. बोट लाल झालं. तिनं वास घेतला. "हे तूप हाय."

"साजूक आहे," बद्रीनाथ म्हणाले. "तुझ्या आईनं काढलंय."

"ब्रेकवर?"

"शुभ असतं."

अपेक्षा मटकन दगडावर बसली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग पाठीवरच्या बॅगेतून सॅनिटायझर काढून तिनं चकती घासून पुसली. "पण ब्रेकच्या पॅडनं तूप प्यायलंय. थोडंफार लागेल, ओरडेल मात्र. मागचा चांगला हाय. पप्पा, आज हातात धरून उतरलात तरी मी कुणाला सांगनार नाही."

हे तिनं खरोखर मायेनं म्हटलं होतं. म्हणूनच बद्रीनाथांनी ऐकलं नाही. त्यांनी बूड मागं सरकवलं, दोन्ही हातांची दोन-दोन बोटं ब्रेकवर ठेवली आणि सायकल सोडली.

ते उतरले ते एका अखंड किंकाळीसह. वाटेवरच्या शेळ्या बाजूला झाल्या. फिरायला आलेले दोन आजोबा झुडपात शिरले. एका मोरानं उत्तर दिलं. बैलगाडीही ओलांडून जाईल अशा गतीनं, पण एकदाही पाय न टेकता, बद्रीनाथ खाली आले. ते येत असल्याचं सगळ्यांना आधीच कळलेलं असल्यामुळं सगळे उभे राहून वाट पाहत होते.

मग अपेक्षा मागून आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "पुढच्या रविवारी दौलताबादच्या घाटाकडं. पप्पा, येनार ना?"

हे 'या' वेगळं होतं. या घरात साखर होती.

बद्रीनाथांनी घाम पुसला. पोरं त्यांच्याकडं बघत होती. एकीनं मोबाइलही वर धरला होता. काका आता काहीतरी लक्षात ठेवण्यासारखं बोलणार, हे सगळ्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. बद्रीनाथांनी एकदा डोंगराकडं, एकदा सीटकडं पाहिलं, आणि आवाज खाली घेतला.

"येईन. पण अपेक्षा, ती तुम्ही घालता ती गादीची चड्डी माझ्या मापाची मिळंल का, तेवढं बघ."