ओडेसाची गोष्ट माझ्याकडून पुसली गेली

मी शाळेतला टेपरेकॉर्डर. जन्मभर दुसऱ्यांचंच बोलणं बोललो, आज माझं सांगतो.

सत्तरच्या दशकात मला अमेरिकेतल्या डेट्रॉईटच्या एका शाळेत आणलं. गाणी ऐकायला मिळतील असं वाटलं होतं, पण नेमणूक झाली ती मुलांची भाषा तपासणाऱ्या हॉलवर्सनबाईंच्या टेबलावर. बाई गोऱ्या. समोर येणारी मुलं बहुतेक काळी.

एकदा सात वर्षांची ओडेसा आली. बाईंनी माझं रेकॉर्डिंगचं बटण दाबून चित्र पुढे केलं. "काय दिसतं?"

"कुत्रा हाय. आमच्या मामाच्या सलूनमंदी आस्साच एक यायचा. केस कापाया न्हाय, गिऱ्हाइकांची भांडणं ऐकाया! भांडण मिटलं की चालला उठून!"

मला हसू आवरेना. बाई मात्र म्हणाल्या, "'हाय' नाही, 'आहे'. पुन्हा म्हण."

"आहे. पुढचं सांगू?"

"नको, पुरे."

आठवड्याभरात ओडेसाला तळघरातल्या मंद मुलांच्या वर्गात बसवलं.

तिची आई लव्हर्न कामावरून तशीच धावत आली. "माझी लेक मंद? घरात तिच्यापुढं कुनाचं तोंड चालत न्हाय!"

हेडमास्तरांनी मला सुरू केलं. कुत्र्याची गोष्ट ऐकून लव्हर्न खुदकन हसली. "ऐकलंत? किती हुशार हाय पोर!"

"ऐकलंत ना? किती चुका!" बाई कळवळून म्हणाल्या. त्यांना खरंच वाईट वाटत होतं.

"चुका कशाच्या? आमच्यात आसंच बोलत्यात. माझी आई बी आसंच बोलायची."

"म्हणूनच तर तिला त्या वर्गात बसवलं," हेडमास्तर शांतपणे म्हणाले.

मला ओरडावंसं वाटलं. पण कुणी बटण दाबल्याशिवाय मला तोंड उघडता येत नाही.

वर्षभराने फेरतपासणी झाली. नवं बोलणं भरायला बाईंनी जुनीच टेप लावली. नवं चित्र होतं.

ओडेसाने आधी बाईंच्या तोंडाकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "हे घर आहे."

"शाब्बास! घरात काय चाललं असेल?"

"माहीत नाही, बाई."

बाई खूश झाल्या. उच्चार सुधारले होते. वर्ग मात्र तोच राहिला. आणि टेप पुढे सरकत होती तसतशी तिच्यावरची कुत्र्याची गोष्ट पुसली जात होती, माझ्याच हातून.

आता मी अडगळीत आहे. माझा पट्टा तुटलाय. त्या टेबलावर नवं यंत्र आलंय, समोर नवी मुलं बसतात. तुमच्यापैकी कुणी बाईंच्या जागी बसणार असेल, तर एवढंच करा: पोराला मध्येच अडवू नका.