आकड्याची गोळी

सिल्वासाजवळच्या खडोलीत, धाग्याच्या एका कंपनीत, नर्सच्या खोलीला सगळे ‘गोळीखोली’ म्हणत. आत एक खाट, एक वजनकाटा, बीपी मोजायचं यंत्र आणि रोहिणी. सहा वर्षांपूर्वी ती शिरपूरहून इथे आली तेव्हा कामगार तिच्यापुढे रिपोर्ट धरून उभे राहायचे. डॉक्टरांनी सांगितलेलं त्यांना कळलेलं नसायचं, आणि कळलं नाही हे डॉक्टरांना सांगायची हिंमत नसायची. म्हणून तिने भिंतीवर पुठ्ठे लावले, मोठ्या अक्षरांत. ईसीजी म्हणजे हृदयाच्या ठोक्यांची कागदावर उमटलेली रेघ. बायोप्सी म्हणजे तपासायला काढलेला मांसाचा बारीक तुकडा. तुकडा काढला म्हणजे कॅन्सरच आहे असं नाही. बीपी म्हणजे रक्ताचा नळ्यांच्या भिंतींवर पडणारा जोर; तो एकशेचाळीस-नव्वदच्या खाली हवा, गोळीने खाली येतो.

पुठ्ठ्यांचं नाव झालं. शेजारच्या रांध्यात कामाला असलेली धुळे-नंदुरबारकडची माणसंसुद्धा घरच्यांचे रिपोर्ट घेऊन यायची. रोहिणीला त्याचा अभिमान वाटे, आणि का वाटू नये? पण माणसं पुठ्ठ्यातलं नेमकं आपल्या सोयीचं तेवढं उचलतात, हे तिला उशिरा कळलं.

दर जानेवारीत कंपनीत फिटनेसची तपासणी असे. बाहेरून डॉक्टरीणबाई यायच्या, बीपी, डोळे, साखर बघायच्या आणि शिक्का मारायच्या. तपासणीच्या आधीचे आठ दिवस गोळीखोलीत ही गर्दी. एरवी वर्षभर गोळीचं नाव न काढणारे मीठ सोडायचे, लोणचं सोडायचे आणि सकाळ चुकली तरी गोळी चुकवायचे नाहीत. आकडा खाली आला, शिक्का पडला, की संध्याकाळी फरसाण आणि उरलेली गोळ्यांची पट्टी खिडकीत. रोग रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात, ते हेच. गोळी शरीरासाठी नव्हतीच, आकड्यासाठी होती.

रोहिणीला हे दिसत होतं. प्रत्येकाच्या मागे एक घर आहे, आपण कशाला आडवं जायचं, असं म्हणून तिने डोळेझाक केली. मग मागच्या वर्षी पॅकिंगमधला चिंधा जानेवारीत फिट ठरला आणि मार्चमध्ये लकव्याने पडला. आता तो साक्रीजवळच्या गावी ओसरीत बसून असतो आणि बायको त्याला भरवते. त्याच्या तपासणीचा आकडा रोहिणीच्याच हाताने लिहिलेला होता. आकडा खरा होता. माणूस मात्र खोटा फिट ठरला होता, आणि हे तिच्या मनातून जात नव्हतं.

यंदा तपासणीला आठ दिवस असताना झुंबरभाऊ आले. बॉयलरवरचा हा माणूस पन्नाशीला टेकलेला, सरळ आणि हट्टी. त्यांनी खिशातून सिल्वासाच्या सरकारी दवाखान्यातला रिपोर्ट काढला. पाय सुजतात म्हणून बायकोने, कमळाबाईने, जबरदस्तीने नेलं होतं.

“ताई, हे क्रिएटिनिन काय शे? डॉक्टर घाईत व्हते.”

रोहिणीने आकडा पाहिला. एक पूर्णांक नऊ दशांश. गेल्या वर्षीचा कागद मागे टाचलेला होता, त्यावर एक पूर्णांक दोन दशांश. तिने दोन्ही कागद शेजारी ठेवले.

“किडनी म्हणजे रक्ताचा फिल्टर, भाऊ. शरीरात रोज घाण तयार होते, ती किडनी गाळून लघवीवाटे टाकते. क्रिएटिनिन ही त्यातलीच एक घाण. ती रक्तात जास्त उरली, म्हणजे फिल्टर नीट काम करत नाहीये.”

“मंग फिल्टर साफ करानी काही गोळी?”

“झालेलं नुकसान बहुतेक वेळा भरून येत नाही. उरलेलं वाचवता येतं. तुमच्या बीपीच्या जोराने ते खराब होत चाललंय.”

“बीपी तं माझं कमी करून ठेवतो ना मी. आजपासून गोळी सुरू. बघा तुम्ही, तपासणीले एकदम बरोबर येईल.”

हे त्यांनी इतक्या भाबडेपणाने सांगितलं की रोहिणीला त्यांचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा. तिने कपाटातून आपलं रजिस्टर काढलं. वर्षभरात हाताला चटका बसला म्हणून, डोकं दुखलं म्हणून, झुंबरभाऊ जेव्हा जेव्हा आले होते, तिने बीपी मोजून लिहून ठेवलं होतं. एप्रिल, एकशेअठ्ठ्याहत्तर. जुलै, एकशेब्याऐंशी. ऑक्टोबर, एकशेशहाऐंशी. तिने ते पान तसंच्या तसं एका कागदावर उतरवलं.

“मागे बॉयलरच्या लॉगबुकात तीन तासांचे आकडे लिहायचे राहिले होते,” ती म्हणाली. “तुमचे सुपरवायझर कल्पेश साहेब म्हणाले, अंदाजाने भरून टाक. तुम्ही काय म्हणाला होतात?”

सगळ्या कंपनीला ते पाठ होतं. झुंबरभाऊंनी मान खाली घातली.

“जे मी पाह्यलं नही ते मी लिखत नही.”

“मग हे तुमचं लॉगबुक. पाहिलेलं, लिहिलेलं. आठ दिवसांनी तुम्ही डॉक्टरीणबाईंना वर्षातली एकच ओळ दाखवणार, चांगली. गोळी घ्या, आजपासून रोज घ्या, पण तपासणी झाली तरी सोडू नका. आणि हा कागद त्यांना दाखवायचा की नाही, ते तुम्ही ठरवा. तुमच्या परवानगीशिवाय मी दाखवणार नाही.”

“दाखवला तं बॉयलरवरून काढतीन.”

“काढतील,” रोहिणी म्हणाली. तिला खोटा धीर देता आला असता. पण तेवढ्यासाठी पुठ्ठे लावले नव्हते.

झुंबरभाऊंनी कागदाची चौघडी केली, खिशात ठेवली आणि गेले. एकोणीस वर्षं बॉयलरवर काढलेली होती. बॉयलरला त्यांच्या लेखी चुलत्यासारखा मान होता. ड्युटीवर आल्यावर ते आधी त्याला हात जोडायचे. रोहिणी त्या आठ दिवसांत धड जेवली नाही. आपण एका माणसाची भाकरी हिसकावतोय की त्याचा जीव वाचवतोय, हे तिला ठरवता येत नव्हतं.

तपासणीच्या दिवशी झुंबरभाऊ धुतलेला शर्ट घालून आले. डॉक्टरीणबाईंनी पट्टा गुंडाळला, हवा भरली, सोडली.

“एकशे छत्तीस, शहाऐंशी. उत्तम,” त्या म्हणाल्या आणि शिक्क्याकडे हात नेला.

रोहिणी औषधांच्या कपाटाशी पाठ करून उभी राहिली. तिला बघवेना.

“मॅडम, थांबा.” मागे कागद उलगडल्याचा आवाज झाला. “हे आजचं झालं. हे वर्षाचं पहा.” मग दवाखान्याचा रिपोर्टही टेबलावर आला.

डॉक्टरीणबाईंनी दोन्ही कागद वाचले. बराच वेळ विचारपूस केली, सिल्वासाला किडनीच्या डॉक्टरांकडे जायची चिठ्ठी दिली, फॉर्मवर दोन ओळी लिहिल्या आणि पुढच्या माणसाला हाक मारली. झुंबरभाऊ फॉर्म घेऊन रोहिणीकडे आले. वर इंग्रजीत लिहिलं होतं, टेम्पररी अनफिट.

“सांगा ताई. तुम्हना भाषेत.”

सहा वर्षांत रोहिणीला पहिल्यांदाच शब्द सापडला नाही. अपात्र म्हणावं तर जीभ रेटेना. निकामी तर त्याहून नाही. तिचे डोळे भरून आले आणि ते लपवायला ती उगाचच टेबलावरचा कापूस डब्यात भरू लागली.

झुंबरभाऊंनी फॉर्म परत घेतला, डोळ्यांपासून लांब धरून पाहिला.

“शटडाऊन,” ते म्हणाले. “बॉयलर नही का आपण वर्षातून एकदा थंडा करत? आत माणूस उतरवतो, नळ्या पाहतो. बंद केला म्हणजे भंगारात टाकला असं थोडीच शे.”

ते तिथेच खाटेवर बसले आणि बॉयलरच्या किल्ल्या कमरेच्या कडीतून सोडवू लागले. कडी घट्ट होती, वेळ लागला. रोहिणीने मदत केली नाही. ते काम त्यांचं त्यांनाच करायचं होतं.

किल्ल्या टेबलावर ठेवून ते गेले, तेव्हा दारात लूमवर काम करणारा बारकू उभा होता, मघापासून सगळं ऐकत. खिशात हात घालून, गोळ्यांची पट्टी चाचपत.

“ताई,” तो हळूच म्हणाला, “माझंबी वर्षाचं पान काढून द्या.”