दादाच्या नाकावरचा भरवसा

"साथ-बिथ काही नाही. असती तर मला आधी वास आला असता," असं म्हणत दादानं पुढच्या कॅनचं झाकण काढलं आणि नाकाशी धरलं.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. गावच्या डेअरीत दूध घ्यायला तोच बसायचा. तपासणीचं यंत्र आलं होतं, पण ते कोपऱ्यात धूळ खात पडलेलं. कालचं शिळं दूध कुणी आजच्यात मिसळलंय, कुणाची गाय कसला पाला खाऊन आलीय, हे तो नुसत्या झाकणावरून सांगायचा, आणि चाळीस घरं ते मानायची. मी मागे हौदापाशी कॅन धुवायचो.

त्या सकाळी नर्सबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. उद्या शाळेत लस आहे आणि गावात एक जरी रोगी सापडला तरी डेअरी चौदा दिवस बंद, हे सांगायला आल्या होत्या.

"मग गाईंनाही तुम्हीच सांगा," दादा म्हणाला. "म्हणावं, सरकारचा हुकूम आहे, चौदा दिवस पान्हा सोडायचा नाही."

रांग खो खो हसली. नर्सबाई हसल्या नाहीत. "शेजारच्या गावात चार माणसं गेली."

"म्हातारी असतील."

"एक तुमच्याच वयाचा होता."

"त्याला दुसरं काहीतरी असेल, बाई. तुम्हाला आकडे भरायचे असतात, आम्हाला दूध घालायचं असतं."

टँकर येईपर्यंत तोंडातोंडी चालली. निम्मे दादाच्या बाजूनं ओरडत होते, बाकीचे गप्प. मीही गप्प. आठवड्यापूर्वीच शहरात जाऊन मी गुपचूप लस टोचून आलो होतो, आणि ते चारचौघांत सांगायची माझी छाती नव्हती.

दुसऱ्या दिवशी वहिनी धारा आटोपून, धुतलेले कपडे घालून अंगणात उभी होती. तिला लहानपणापासूनचा दमा.

"भावजी, जाऊन येऊ का आपण?" तिनं मला विचारलं, पण बघत होती दादाकडे.

"दम्याच्या माणसानं सुई टोचून घ्यायची? काही झालं म्हणजे?" दादा म्हणाला. तो रागावला नव्हता, खरंच घाबरला होता. वहिनी झाडू घेऊन गोठ्यात गेली. मी तोंड उघडलं नाही.

पंधरा दिवसांनी टँकरवाल्यानं आमच्या टाकीचं झाकण उघडलं, तोंडावरचा रुमाल खाली केला आणि मागे सरकला. "हे आंबलंय सगळं. मी नेणार नाही."

लोक गोळा झाले. "तू वास घेतला होतास ना?" एकानं विचारलं. दादा टाकीवर वाकला. एकदा, दोनदा. त्याचा चेहरा कोराच राहिला. मी त्याला बाजूला घेतलं.

"वास येत नाही, त्याला किती दिवस झाले?"

"चार. सर्दी असेल म्हटलं. सांगितलं असतं तर डेअरी बंद. नुसतं झाकण धरायचं आणि मान हलवायची, कुणाला कळतंय?"

"आणि वहिनी?"

"परवापासून ताप आहे तिला," तो म्हणाला आणि घराकडे पळत सुटला.

वहिनी भिंतीला टेकून बसली होती. तिला एक वाक्य दोन दमांत बोलावं लागत होतं. दवाखान्यात खाट मिळेपर्यंत दुपार उलटली आणि आम्हाला दारातच अडवलं. "काळीची धार तूच काढ, ती दुसऱ्याला लाथ मारते," एवढं दादाला सांगून ती आत गेली. सहाव्या दिवशी संपली. तोंडसुद्धा लांबूनच दाखवलं.

आमचे घरबंदीचे दिवस सरले तशी माणसं भेटायला येऊ लागली. "दम्यानं गेली बिचारी," जो तो म्हणायचा.

"दम्यानं नाही. साथीनं. मी घरात आणली. लसही मीच घेऊ दिली नाही," दादा प्रत्येकाला सांगायचा. माणसं मान खाली घालायची आणि बाहेर पडल्यावर म्हणायची, बायको गेल्यापासून याचं डोकं ठिकाणावर नाही.

शाळेत पुन्हा लस आली त्या दिवशी दादा लस घ्या म्हणून दारोदार फिरला. मी बरोबर होतो. डेअरीत सगळ्यात मोठ्यानं हसलेल्या शेजाऱ्यानं त्याला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. शेजाऱ्याची बायको दारातून ऐकत होती.

"मी जाऊन येऊ का?" तिनं नवऱ्याला विचारलं.

"याचं ऐकून? हा शुद्धीवर तरी आहे का?"

दादानं हात जोडले. तिनं माझ्याकडे बघितलं. मला राहवलं नाही.

"मी घेतलीय लस," मी म्हणालो. "दोन महिने होत आले. काहीही झालं नाही मला."

तिनं पायात चपला घातल्या आणि नवऱ्याकडे न बघता शाळेच्या वाटेला लागली. दादा मात्र माझ्याकडेच बघत होता. तो मनात दिवस मोजत होता, हे मला दिसत होतं.

"म्हणजे ती अंगणात उभी होती, त्याच्या आधी?"

"हो."

"तिला का नाही सांगितलंस?"

दादा उठला आणि पुढच्या घराकडे निघाला. मला चल म्हणाला नाही.