फौजींचा लाकडी पाय

मित्रांनो, मी एक जुना लाकडी पाय आहे. डावा. माझ्या जोडीचा उजवा पाय हाडामांसाचा होता, त्यामुळे मला सख्खे भावंड असे कुणी नाही.

लष्करी इस्पितळामागच्या कारखान्यात एका सुताराने मला तासले, आतून पोकळ केले आणि वर कातडी पट्टे ठोकले. ज्यांच्यासाठी हा खटाटोप, त्या सैनिकाचा पाय सुरुंगाने गुडघ्याखाली नेला होता. मला पाहताच त्यांनी तोंड फिरवले.

सुतार म्हणाला, "फौजी, रुसता काय? हा कधी थकायचा नाही."

"मग यालाच एकट्याला पाठवा घरी," फौजी म्हणाले.

घरी गेलो, तर त्यांची धाकटी मुलगी आईमागे लपली. फौजींचा चेहरा पडला. दोन दिवसांनी मात्र ती आपला इवलासा मोजा घेऊन आली आणि माझ्या बोटांवर ओढू लागली. "बाबा, याला थंडी वाजते ना?" फौजी पोट धरून हसले. त्या दिवसापासून मी त्या घरचा झालो.

पुढे फौजी एका दुकानात शिवणयंत्रे दुरुस्त करू लागले. दुरुस्त यंत्राचे पायडल मारून पाहायचे काम माझे. दुकानाचे मालक गिऱ्हाइकांना सांगत, "आमच्या फौजींचा लाकडी पाय तुमच्या दोन्ही पायांना भारी आहे!" मुलीला सायकल शिकवताना मी करकरत तिच्यामागे धावलोसुद्धा.

संध्याकाळी मला काढून ठेवले, की फौजी कधी कधी कळवळत. "पाय दुखतोय."

"कुठला?" कुणीतरी विचारे.

"नसलेला."

शेजारीपाजारी हसत. फौजींची बायको हसत नसे. जिथे पाय असायला हवा होता, तिथली रिकामी चादर ती हळूहळू दाबे. "इथे का हो?"

"जरा खाली. हां... आता बरं वाटतंय."

भिंतीला टेकून मी पाहत राही. खरे सांगतो, मला त्या नसलेल्या पायाचा हेवा वाटे.

मग ती माउली गेली. मुलगी नोकरीसाठी दूरच्या शहरात राहायला गेली. फोनवर ती म्हणे, "बाबा, नसलेला पाय दुखेल कसा? गोळी घ्या बघू." ती मनाने वाईट नव्हती, कामाने पिचली होती. फौजी "घेतली, घेतली" म्हणत आणि गोळी तशीच राही. हळूहळू त्यांनी मला घालणेच सोडले. चालत जायचे तरी कुणाकडे? माझ्यात कोळ्याने संसार थाटला.

एकदा मुलगी येणार असे कळले. फौजींनी मला झटकले, पुसले. वाळलेल्या पायाला मी सैल होत होतो, म्हणून आत चिंध्या कोंबल्या आणि बसथांब्यापर्यंत चालत गेले. घरी येऊन मुलीने पट्टे सोडले, तर चिंध्या रक्ताने भिजलेल्या.

"बाबा, सांगायचं नाही का?"

"तू घाईत असतेस, बाळ."

ती जमिनीवर बसून जखम धूत राहिली. रजा संपली तशी परत गेली. त्याच हिवाळ्यात फौजी झोपेतच गेले.

कुणाच्या तरी उपयोगी पडेल, म्हणून तिने मला कारखान्यात नेले. तिथल्या कारागिराने मला उलटसुलट पाहिले. "ताई, हा दुसऱ्या कुणाला नाही बसायचा. टोचेल."

परतीच्या बसमध्ये तिने मला मांडीवर घेतले. आता मी तिच्या दाराशी, चपलांच्या ओळीत उभा असतो. तिथून कुणीच मला बाहेर नेत नाही.

मित्रांनो, माझे तेलपाणी राहिले तर राहू द्या. पण तुमच्या घरचे म्हातारे माणूस फोनवर "बरं, ठेवतो" म्हणून रेंगाळत असेल, तर तुम्ही आधी ठेवू नका.