शेमसचं पान

“पिशवीतलंच कापड वापर हं, दुसरं नको,” ब्रीडाबाईंनी फाटकाशी उभं राहून बजावलं होतं. अक्षयाने मान डोलावली होती, आणि घरी येताच ती पिशवी जिन्याखालच्या कपाटात सरकवून दिली होती. आता ती जेवणाच्या टेबलावर कोऱ्या फेल्ट कापडाची झाडाची पानं कापत होती. देवाच्या कामाला कुणाचे वापरलेले शर्ट कसे घ्यायचे? म्हातारी काटकसरी आहे, एवढंच तिने ठरवून टाकलं.

ब्रीडाबाई या मेनूथ गावातल्या निवृत्त आयरिश शिक्षिका. शाळा सुटल्यावर अक्षयाच्या मुलीला, रेवाला तासभर सांभाळत, म्हणून अक्षया नोकरी करू शकत होती. चर्चचं नोव्हेंबरचं बॅनर शिवायला मदत हवी म्हटल्यावर नाही म्हणणं शक्यच नव्हतं. महिनाभर दोघी डिझाइन शोधत होत्या. अक्षया फोनवर चित्रं काढून द्यायची, ब्रीडाबाई फोन कपाटावर टेकवून ठेवायच्या आणि समोरच्या भिंतीपर्यंत मागे जाऊन बघायच्या. मेणबत्ती नको, सगळीकडे असते. द्राक्षांचा घड लांबून जखमेसारखा वाटतो.

“आणि हे कबूतर शेवटच्या बाकावरून कोंबडी दिसेल. मासच्या प्रार्थनेनंतर लोकांना भूक लागलेली असते गं.”

शेवटी एका झाडावर एकमत झालं. काळं खोड, फांदीफांदीला पानं.

गुरुवारी अक्षया तयार बॅनर घेऊन गेली. ब्रीडाबाईंनी ते पडद्याच्या दांडीला अडकवलं, सवयीने भिंतीपर्यंत मागे गेल्या. मग जवळ येऊन एकेका पानावरून बोट फिरवू लागल्या.

“छान झालंय. यातला शेमस कुठला?”

शेमस त्यांचा नवरा. मार्चमध्ये गेला. अक्षयाला जिन्याखालची पिशवी आठवली. नोव्हेंबरच्या बॅनरवर वर्षभरात गेलेल्यांच्या कपड्यांची पानं करायची, हे या चर्चमध्ये कुणाला सांगावं लागत नव्हतं. म्हणून तिलाही कुणी सांगितलं नव्हतं.

“त्यांचं पान अजून लावायचंय,” ती म्हणाली आणि बॅनर दांडीवरून परत काढून घेतलं.

घरी येऊन कपाट उघडलं तर पिशवी नव्हती. रेवाने रंगवता रंगवताच सांगितलं, “डॅडी टुक इट आउट ऑफ द प्रेस, मॅमी. फॉर द क्लोद्स बँक.”

प्रेस म्हणजे इथलं कपाट, आणि क्लोद्स बँक म्हणजे जुने कपडे दान टाकायची पेटी. अक्षयाने रोहितला फोन लावला.

“डिकीतच आहे,” तो म्हणाला. “सॉरी, टाकायचं राहूनच गेलं गं.”

“सॉरी कशाला,” ती म्हणाली. “तशीच घरी घेऊन ये.”

पिशवीत एक चौकटीचा शर्ट होता, नर्सचा निळा अंगरखा, किल्डेअर काउंटीच्या टीमची पांढरी जर्सी. तळाशी लोकरीचं टोपडं, मुठीत मावेल एवढं. गेलेल्या माणसाचे कपडे घरात ठेवत नाहीत, हे ती लहानपणापासून बघत आली होती. टोपडं हातात धरून ती उभी राहिली. मग रेवाला जवळ बोलावून तिने तिचं कपाळ चाचपलं. ताप नव्हता. असायचं काही कारणही नव्हतं.

तिने कपडे टेबलावर मांडले आणि कोऱ्या पानांची शिवण उसवायला घेतली. कात्री सगळ्यांना लावली, टोपड्याला नाही. ते तसंच्या तसं, सगळ्यात वरच्या फांदीवर कळीसारखं टाचलं.

मासच्या दिवशी ब्रीडाबाई मुद्दाम शेवटच्या बाकावर बसल्या. “तो चौकटीचा,” त्यांनी शेजारणीला कोपराने ढोसून सांगितलं. नंतर बॅनरपाशी येऊन त्यांनी खालच्या फांदीवरच्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं.

“आणि इथे?”

“माझे बाबा. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली, मला शेवटचं भारतात जाता आलं नव्हतं,” अक्षया म्हणाली. “चालणार असेल तर. आई त्यांचा रुमाल पाठवतेय.”

“नाव काय त्यांचं?”

“चंद्रहास.”

ब्रीडाबाईंनी ओठ हलवून पाहिले. “परत सांग. सावकाश. नावं फादर वाचतात, त्यांना मलाच शिकवावं लागणार.”

जानेवारीत रोहितच्या ऑफिससाठी ते दूर सँडीफोर्डला राहायला गेले. अक्षया दर रविवारी फोन करते, पण फोनवर ब्रीडाबाईंचं सगळं ‘ग्रँड’च, म्हणजे मस्तच असतं; खरं काही कळत नाही. म्हणून तुम्ही मेनूथला असाल, तर चर्चमागच्या गल्लीतल्या हिरव्या फाटकाच्या घराची बेल एकदा वाजवा. दार उघडायला त्यांना वेळ लागतो. परत फिरू नका, थांबा जरा.